खुणांची पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. चार फूट लांब, दोन बोटे रुंद आणि एका टोकाला किंचित वाकलेली. मित्रांनो, तुमच्या दप्तरात असते तसली पट्टी मी नव्हे. माझ्यावर आकडे नाहीत, इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. नुसत्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेपाशी एकेक अक्षर. एवढ्याशा भांडवलावर आपली कहाणी सांगायला बसावे का, याचा मी पुष्कळ विचार केला. खुर्चीने सांगावे, टेबलाने सांगावे. त्यांचा माणसांशी रोजचा संबंध. माझ्यावर कधी कोणी बसले नाही. पण मागच्या व्हरांड्यात दाराआड उभे राहून मी जे पाहिले, ते सांगणारे दुसरे कोणी नाही, म्हणून सांगते. कंटाळा आला तर खुशाल उठा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म एका खोक्यात झाला. छापखान्यात नवे यंत्र आले, ते ज्या खोक्यातून आले त्या खोक्याची मी एक उभी फळी. वरची बाजू कुठली हे हमालांना कळावे म्हणून खोक्यावर काळ्या रंगाचा बाण काढलेला होता. तो नेमका माझ्या वाट्याला आला. यंत्र बाहेर काढल्यावर खोके जळणात जायचे, पण छापखान्यातल्या एका गृहस्थांनी ते मागून घेतले. ते आमचे मालक. छापलेल्या कागदांतल्या चुका शोधणे हे त्यांचे काम. काना-मात्रा सुटलेली त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बोलायला मात्र अतिशय भिडस्त. घरी आले की मागच्या व्हरांड्यात जायचे आणि लाकूड कापत, तासत बसायचे. तो त्यांचा छंद होता. धंदा नव्हता, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला हातही बसलेला नव्हता.

कागदावरच्या चुका शोधणाऱ्या या माणसाची स्वतःची चूक मोठी मजेची होती. मोजताना ते आकडे उलटे वाचत. त्रेसष्ट इंचांची फळी हवी, तर छत्तीसवर खूण करून मोकळे. एकदा पुस्तकांच्या मांडणीसाठी आणलेली चांगली लांब फळी त्यांनी अशीच कापून ठेवली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात येऊन तुकड्यांकडे बघत राहिल्या.

"अहो, फळीचा आणि तुमचा छत्तीसचा आकडा आहे, हे तिला आधी सांगायचं तरी," त्या म्हणाल्या.

मालक ओशाळून हसले आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री म्हणजे खरेखुरे सुतार. कानावर पेन्सिल, तोंडात खिळे, बोलणे तिखट. ते घरी आले, टेप उचलला आणि खिडकीबाहेर ठेवून दिला.

"आकडे सोडा. एक सरळ पट्टी घ्या. ज्याच्यासाठी बनवायचं त्याला समोर बसवा, पट्टी जमिनीवर टेकवा, गुडघ्याच्या मागे खूण करा. त्या खुणेवर कापा. खूण उलटी वाचता येत नाही."

"पण एखादं सूत इकडेतिकडे झालं तर?" मालकांनी विचारले. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.

"होऊ दे की!"

"अर्धं सूत झालं तरी कळतं हो."

मिस्त्री खो खो हसले. त्या दिवसापासून त्यांनी मालकांचे नावच 'अर्धसूत' ठेवले. आणि त्याच दिवशी खोक्याची एक फळी काढून, कडा तासून, चार फुटांवर कापून माझी पट्टी झाली. बाण माझ्या अंगावर तसाच राहिला. मालक मला नेहमी बाण वर करूनच धरत. खोकेही व्हरांड्यातच राहिले. माझ्या जागी त्याला एक फट पडली होती. मालक काम करताना त्याच खोक्यावर बसत.

माझ्यावरची पहिली खूण काकूंची. शिवणाच्या मशीनसमोर बसायला त्यांना स्टूल हवे होते. खूण करताना त्या स्थिर बसेनात.

"लवकर आटपा हो! माप घेताय की माझं चित्र काढताय?"

"हलू नकोस. अर्धं सूत गेलं."

"जाऊ दे. तुमचं लक्ष गेलं नाही म्हणजे झालं."

ते स्टूल तयार व्हायला अडीच महिने लागले. पण त्याचा एकही पाय डुगडुगला नाही. काकूंनी त्यावर बसून मशीन चालवले आणि मालकांच्या फाटक्या सदऱ्याला टाका घातला. मी दाराआडून पाहिले. माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक ते. माझे कोणी नाव घेतले नाही, पण मला समजले.

मग त्यांच्या मुलीच्या खुणा झाल्या. तिच्या सात आहेत. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मालक तिला खोक्यावर बसवत, मला तिच्या पायाशी उभे करत आणि नवी रेघ ओढत. नव्या रेघेचे नवे स्टूल व्हायचे. जुने शेजारपाजारच्या कुणा लहानाकडे जायचे. "मागचीच खूण चालेल, फार वाढली नाही ती," असे काकू एकदा म्हणाल्या, तेव्हा मिस्त्री ओरडले होते, "वहिनी, लाकूड एकदा कापलं की वाढत नाही. पोर वाढते. माप ताजंच हवं!" मालकांनी मान डोलावली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ठेवले होते. मालक पुढे विसरले.

मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन फार लांब गेली. काकू आजारी पडल्या आणि गेल्या. त्या आजारपणाबद्दल मी सांगू शकत नाही, कारण ते सगळे आतल्या खोलीत झाले आणि तेवढे दिवस व्हरांड्याचे दार बंद होते. दार उघडले तेव्हा मालक एकटे होते. ते खोक्यावर बसले, मला मांडीवर घेतले आणि काही केले नाही. नुसता अंगठा काकूंच्या रेघेवर ठेवला. पुढे ती सवयच झाली. मला उचलले की अंगठा तिथे. आता ती रेघ जवळजवळ पुसली आहे आणि माझे अंग तिथे गुळगुळीत झाले आहे.

पुढच्याच वर्षी मुलगी आठवडाभर राहायला आली. सोबत चार वर्षांची नात होती. तिला घरात 'भुंगा' म्हणत, कारण ती सतत काहीतरी गुणगुणत फिरायची. व्हरांड्यात कित्येक महिन्यांनी आवाज झाला. मालकांनी तिला खोक्यावर बसवले, गुडघ्याची रेघ ओढली, आणि मला आडवे धरून कमरेच्या रुंदीचीही एक रेघ ओढली.

"तुला हातांची खुर्ची करतो. अगदी राणीसारखी."

"कधी?"

"तू पुढच्या वेळी येशील ना, तेव्हा तयार."

ती गेली आणि खुर्चीचे काम सुरू झाले. मित्रांनो, साध्या चार पायांच्या खुर्चीला किती वेळ लागावा? मालकांनी एक पाय तीनदा केला. हातांना गोलाई दिली, ती नापसंत पडून नवे हात केले. रंध्याने तासून, काचकागदाने घासून लाकूड असे केले की त्यावरून गाल फिरवावा. हे काम संपूच नये असे त्यांना वाटत होते की काय, कोण जाणे. भेटही लांबत होती. कधी मुलीला रजा नाही, कधी नातीची परीक्षा. रविवारी फोन यायचा. मालकांना फोनवर बोलायला जमत नसे. "हो." "बरं आहे." "जप." एवढ्यात संपायचे. मग ते व्हरांड्यात येत आणि पुढचा तासभर खुर्चीशी बोलत. तिच्याशी मात्र भरभरून बोलत.

असा दोन वर्षांहून जास्त काळ गेला. एक दिवस मिस्त्री आले. खुर्ची उलटीपालटी करून पाहिली.

"झकास झालीय, अर्धसूत. पण माप कधीचं?"

"पट्टीवर आहे ना."

"पट्टीवर आहे हो. कधीचं, ते विचारतोय. फोन करून पोरीची उंची तरी विचारा."

"छे छे. मग गंमत काय राहिली? आणि पट्टी कधी खोटं बोललीय का?"

त्या क्षणी मला बोलता आले असते तर! मी खोटे कधीच बोलले नाही. पण मी जे सांगत होते ते जुने झाले होते. माझ्यावर चार वर्षांची भुंगा होती, आणि ती माझ्यावर कधीच पाच वर्षांची होणार नव्हती. मालक माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते आणि त्यांचा विश्वासघात माझ्याच हातून होणार होता. दाराआड उभे राहून हे जाणणे किती एकटे असते, हे मी कोणाला सांगणार?

अखेर ती आली. सात वर्षांची. गुणगुणणे थांबले होते, समोरचे दोन दात पडले होते. मालकांनी खुर्चीवर चादर घालून ठेवली होती. ती त्यांनी अशी काही ओढली की जणू आत सिंहासन आहे.

भुंगा बसली. गुडघे हनुवटीशी आले. मग ती उठायला गेली तर खुर्चीही तिच्याबरोबर उठली. दोन हातांच्या मध्ये ती अडकून बसली होती. तिच्या आईने खुर्ची धरली, तेव्हा कुठे ती सुटली.

"आजोबा," भुंगा हळूच म्हणाली, "मी लहान असताना ही मला किती छान बसली असती!"

मालकांचा चेहरा मी पाहिला. छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की त्यांचा असा चेहरा व्हायचा, असे काकू सांगत.

"बाबा, एवढं केलंत, तर फोनवर एकदा विचारायचं ना!" मुलगी म्हणाली. आवाजात राग होता, पण त्याहून कीवच जास्त होती.

"पट्टीवर खूण होती गं," मालक म्हणाले. त्यांनी मला उचलले. या वेळी अंगठा काकूंच्या रेघेवर नव्हता. मला दोन्ही हातांनी धरले होते, गुडघ्यावर मोडण्यासाठी धरतात तसे. मी तयार होते. एक पट्टी चुकीची ठरली की तिचे आणखी काय करायचे?

मुलीने मला त्यांच्या हातातून घेतले. बोटाने एकेक रेघ मोजत वर गेली. तिचे स्वतःचे अक्षर सात वेळा होते.

"माझ्या सात आहेत," ती म्हणाली. "हिची गुडघ्याची एकच कशी?"

"ती एकदाच आली ना," मालक म्हणाले.

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. त्यांना टोमणे मारता येत नाहीत. म्हणूनच ते मुलीला जास्त लागले. मग तिने डोळे पुसले, भुंगाला खोक्यावर बसवले आणि मला बाण वर करून तिच्या पायाशी उभे केले. नवी रेघ जुनीच्या चार बोटे वर आली.

त्यांच्या जाण्याला तीनच दिवस होते. मालकांनी मिस्त्रींना बोलावले. "तीन दिवसांत?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. "हात नकोत, पाठ नको. स्टूल करू. आणि दोन सूत चुकलं तर मी जबाबदार." मुलीने काचकागद घासला, भुंगाने सरसाची बाटली धरली आणि निम्मा सरस आपल्या फ्रॉकला लावला. स्टूल झाले. एक पाय चक्क दोन सूत आखूड होता. मालकांनी तो पाहिला, तोंड उघडले आणि मिटले. त्याखाली कागदाची घडी सरकवून ते स्वस्थ बसले.

निघायच्या दिवशी भुंगा व्हरांड्यात आली.

"आजोबा, तुमची खूण कुठे आहे?"

मालक गडबडले. त्यांची खूण नव्हतीच. सगळ्यांसाठी आसने केली, पण स्वतः जन्मभर त्या फटीच्या खोक्यावर बसले, आणि हे आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्यासुद्धा.

"बसा. हलू नका," भुंगाने बजावले. तिने मला त्यांच्या पायाशी उभे केले. पण बाण खाली होता! मालकांनी बाणाकडे पाहिले, पण मला सरळ केले नाही. भुंगाने गुडघ्यामागे रेघ ओढली, शेजारी 'आ' लिहिले आणि म्हणाली, "आता स्वतःची खुर्ची करा."

"नाही," मालक म्हणाले. "आता माप ताजं असल्याशिवाय मी कापायचा नाही. लाकूड तयार ठेवतो. तू पुन्हा ये, पुन्हा खूण कर, मग आपण दोघं मिळून कापू."

"पण तुम्ही काय वाढणार आहात?"

"म्हातारी माणसं आखूड होतात. अर्धं सूत तरी नक्कीच."

ती हसली, आणि मांडीवर स्टूल घेऊन गाडीत बसली.

त्याला आता वर्ष होत आले. चार पाय आणि बैठकीची फळी तासून भिंतीशी उभी आहेत. मिस्त्री येतात, "अहो, कापा की आता!" म्हणतात. मालक मान हलवतात आणि खोक्यावर बसतात. रविवारच्या फोनवर मात्र ते आता एक प्रश्न न चुकता विचारतात, "किती वाढलीस?" ती छोटी खुर्ची त्यांनी मोडली नाही. तिच्या दोन हातांवर मला आडवे ठेवतात. दाराआडून मी इथे आले. माझ्या एका टोकाला सगळ्या घराच्या रेघा दाटीने उभ्या आहेत. दुसऱ्या टोकाला, बाणाच्या बाजूला, एकच रेघ आहे. ती आजोबांची. तिच्या आसपास कोणी नाही.

मित्रांनो, लाकडाची काळजी घ्या, ओल लागू देऊ नका, हे मी सांगायला हवे. पण मला वाटते, ते तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच मागते. तुमच्याही घरात कोणाची तरी खूण जुनी झाली असेल. माझ्यासारख्या पट्टीवर विसंबू नका. जा, त्यांच्यासमोर बसा, आणि नवी रेघ ओढा. बाण उलटा धरलात तरी चालेल.