काव्याचं रॉकेट

माझ्या लग्नाच्या बायोडेटात वर्ण 'गव्हाळ' असा लिहिला होता. तो गहू तव्यावर विसरलेला होता हे सासरी सगळ्यांना दिसलं, पण माणसं सभ्य निघाली. तेव्हापासून 'काळा' हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही. चहासुद्धा मी बिनदुधाचा मागते.

अशा बाईने २०१७च्या मे महिन्यात डहाणूतल्या आपल्या ओट्यावर मुलांसाठी विज्ञानाचे खेळ मांडले, आणि तेही काळ्या स्त्री शास्त्रज्ञांवर. इंटरनेटवर वाचलं होतं, आणि मला वाचलेलं पचत नाही. मुलं तीनच. माझी रिया, शेजारचा मनिष आणि आमच्या वाडीत चिकू निवडायला आशागडहून येणाऱ्या शुक्रीची मुलगी. त्या मुलीचं नाव काळी. इथेच माझी गोची झाली.

पहिल्या दिवशी मी मे जेमिसनचा फोटो दाखवला. प्रिंटरची रंगीत शाई संपलेली, त्यामुळे फोटो करडा आला होता. अवकाशात गेलेली ही पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, असं मी सांगितलं. काळीसमोर दुसरा शब्द जिभेवर येईना. मग मुलांना तिचं चित्र काढायला दिलं, तर मनिषने आणि रियाने ती निळी रंगवली. कॅलेंडरवरचा कृष्ण निळाच असतो, असं मनिषने मला समजावलं. रियाने तर केसांत मोरपीस खोचलं. मी 'छान' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

काळीला मी 'काव्या' म्हणू लागले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरीवर उपकार करतेय असं वाटत होतं. हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची, दुसरी कुणी आलीय का म्हणून. मी तिला लाजाळू ठरवून मोकळी झाले.

शेवटचा खेळ रॉकेटचा होता. ओट्याच्या खांबापासून अंगणातल्या चिकूच्या झाडापर्यंत दोरा बांधला, त्यात स्ट्रॉचा तुकडा ओवला आणि त्याला फुगा चिकटवला. तोंड सोडलं की हवा मागे, फुगा पुढे. मी फुगा उलटा चिकटवला, तो खांबावर आपटला. काळीचा पहिल्याच खेपेला झाडापर्यंत गेला. उद्या आईला दाखवायचंय, ती म्हणाली. एवढं एकच तिने माझ्याकडे मागितलं.

दुसऱ्या दिवशी शुक्री धुतलेलं लुगडं नेसून पायरीवर येऊन बसली. मी नावं पुकारू लागले. रियाचं रॉकेट उडालं, मनिषचं अर्ध्यात अडकलं. मग मी म्हणाले, "काव्या." कुणी उठलं नाही. काळी फुगा मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा पुकारलं. शुक्रीने थोडी वाट पाहिली आणि ती उठून अंगणात उतरली.

"बाई, माझ्या पोरीचं नाव नाय आलं. तिला जमलं नसंल, तं जाते मी."

काव्या म्हणजे तीच, असं मी कसंबसं सांगितलं.

"कोन काव्या? आजीचं नाव हाय तिला."

तेवढ्यात काळीच बोलली. "रियाने मोबाइलवर दाखवली ती चित्रातली बाई. ती निळी नाय. काळीच हाय ना?"

"काळीच," मी म्हणाले.

"मग मला काव्या कशाला?"

मला इतकी लाज वाटली की वाटलं, दोऱ्याला लटकून आपणच त्या झाडापर्यंत जावं. शुक्री तिथे झाडापाशी थांबली होती. मी घसा साफ केला आणि वाडीतल्या निवडणाऱ्या बायकांनाही ऐकू जाईल अशी हाक मारली, "काळी!"

ती लगेच उठली. फुगा चिकटवून तिने तोंड सोडलं आणि तो सुसाटत थेट तिच्या आईच्या हातापाशी जाऊन थांबला. शुक्रीने तो रिकामा फुगा चिमटीत धरला, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई," ती म्हणाली, "अजून एकदा हाक मारा तिला."

मी मारली.