ग्लासातली माशी

ओब्दुलियानं गळ उजव्या चिमटीत घट्ट धरला, शेपटीसाठी कोंबड्याच्या पिसाचे सहा तंतू त्यावर टेकवले आणि डाव्या हातानं रेशमी दोऱ्याचा पहिला वेढा घेतला. खानावळीत खिडकीजवळच्या टेबलावर बसलेले चार पुरुष तिच्या बोटांवर नजर ठेवून होते. ती मात्र उभ्याउभ्याच बांधत होती. त्या टेबलावर फक्त माश्या बांधणारे, म्हणजे गळावर पिसं बांधून ट्राउट माशांसाठी खोट्या माश्या बनवणारे बसत. पाचवी खुर्ची तिच्या नवऱ्याची, फ्रोइलानची. ऑक्टोबरात तो गेला तेव्हापासून ती रिकामी होती, आणि ओब्दुलियानं ती मागितली होती.

कोंबडे बायकांनी पाळायचे, चंद्र उतरणीला लागला की पिसं बायकांनी उपटायची आणि माश्या बांधायच्या पुरुषांनी, असा कुरुएन्यो नदीच्या खोऱ्याचा शिरस्ता. त्यामुळे मागणी ऐकून टेबलावरच्यांना आधी हसूच आलं. मग त्यांच्यातल्याच तिच्या धाकट्या दिरानं, सातुरियोनं, पैज लावली. पुलाखालच्या थोराड ट्राउटनं सबंध वसंतात कोणाच्याच माशीला तोंड लावलं नव्हतं. तिनं वहिनीची माशी घेतली तर खुर्ची वहिनीची, नाही घेतली तर वहिनीचे चौदाही कोंबडे सातुरियोच्या खुराड्यात.

"दादाच्या शेवटच्या सहा वर्षांतल्या माश्यांना तोड नव्हती," तो म्हणाला. "घरून बांधून आणायचा, पण काय बांधायचा! तसा हात आता होणे नाही."

शेवटची गाठ मारून ओब्दुलियानं कात्री उचलली आणि माशीच्या पोटाखालचे तंतू सफाचट कापून टाकले. टेबलावर कोणीतरी च्‌च्‌ केलं.

तयार माशी पाण्यानं भरलेल्या ग्लासात सोडायची, हीच इथली परीक्षा. चांगली माशी पोटाखालच्या तंतूंवर, जणू चवड्यांवर, पाण्यावर उभी राहते. ओब्दुलियाची पोटावर पसरली.

"वहिनी, हिला तरंगायला पाठवलं होतं, अंघोळीला नाही," सातुरियो म्हणाला, आणि टेबल हसून हसून हललं.

कोंबडे गेले तर सकाळी उठायचं तरी कशासाठी? पण ओब्दुलियानं ग्लास उचलून डोळ्यांच्या वर धरला.

"तुम्ही वरून बघता, भावजी. ट्राउट खालून बघते. वाका जरा."

सातुरियो वाकला नाही. वाकणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

पुलाखाली गळाची काठी त्यानंच चालवली. त्याच्याइतका सफाईचा हात खोऱ्यात दुसरा नव्हता, आणि माणूस तोंडाचा कितीही फाटका असला तरी लबाडी करणारा नव्हता. पहिल्या फेकीला माशी वाहून गेली. दुसऱ्या फेकीला ट्राउट नुसतीच तळाशी हलली.

"दगडाच्या थोडं वरच्या अंगाला टाका," ओब्दुलिया पुलावरून म्हणाली.

माशी उतरली, पोटावर पसरली आणि वाहत निघाली. पाण्यातून एक रुंद नाक सावकाश वर आलं. माशी दिसेनाशी झाली आणि काठी कमानीसारखी वाकली.

ओब्दुलियानं पुलाच्या कठड्यावर दोन्ही तळवे आपटले आणि ती मोठ्यानं हसली. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. खालचे पुरुषही पैज विसरून ओरडत होते.

सातुरियोनं ओल्या हातांनी ट्राउटच्या ओठातून गळ सोडवला, तिला पाण्यात सोडलं आणि माशी उजेडात धरली. मग तो तसाच थांबला. दोरा उलटा गुंडाळलेला होता, डावखुऱ्या हाताचा. त्यानं खिशातली डबी काढली. फ्रोइलानच्या जुन्या माश्यांचे वेढे सुलटे होते. शेवटच्या सहा वर्षांतल्या सगळ्या उलट्या.

"दादाला गळ-दोरा दिसेनासा कधी झाला?" पुलावर आल्यावर त्यानं हळूच विचारलं.

"झाली सहा वर्षं."

"आणि तुम्ही एवढी वर्षं गप्प बसलात?"

"तेव्हा खुर्ची त्यांची होती, भावजी."

खानावळीत परतल्यावर सातुरियोनं ग्लास पुन्हा भरला, त्यात ती माशी सोडली आणि ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला. मग टोपी काढून, कुरकुरणारे गुडघे टेकून, तो खालून बघू लागला. बाकीचेही एकेक करून वाकले.

ओब्दुलिया तोवर खुर्चीत बसली होती.