शेगडीपुरता कापलेला ओटा

नवा ओटा बसल्यापासून सिरिलने त्यावर साधा कपसुद्धा ठेवला नव्हता. चहा तो हातात धरून, उभ्यानेच प्यायचा.

ओटा त्याच्या लेकीने, लॉरेनने, हौसेने बसवून घेतला होता. आई, मेविस, गेल्यावर बाबांचं सगळं सोपं व्हावं, एवढीच तिची इच्छा. शेगडीसाठी तिने अरुंद जागा सोडली होती आणि शेजारी ओट्याखाली भांडी धुण्याच्या मशीनसाठी रिकामा कप्पा. मेविसची विजेची शेगडी, खाली ओव्हन असलेली, त्या जागेत मावत नव्हती. ती पॅसेजमध्ये उभी होती. सोमवारी नवी यायची होती, आणि ती आणणारेच जुनी घेऊन जाणार होते.

शनिवारी सकाळी लॉरेनचा फोन आला.

"बाबा, उद्या जेवायला तुम्हीच माझ्याकडे या."

"रविवारचं जेवण इथेच होतं."

"कशावर करणार? पॅसेजमध्ये?"

"तू ये तर खरी."

फोन ठेवून तो शेगडीपुढे बसला. ओव्हनच्या बटणावरचे आकडे कधीच घासून गेले होते. त्यांच्या जागी मेविसने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. एक केकचा, एक मांसाचा, आणि अगदी टोकाचा, कडक आचेत फुगणाऱ्या, मांसाबरोबर खायच्या यॉर्कशर पुडिंगचा. जन्मात अंडंही न उकडलेला सिरिल ती गेल्यावर त्या ठिपक्यांच्या आधाराने रांधायला शिकला होता. नव्या शेगडीवर आकडे असणार. आकडे घेऊन तो काय करणार होता?

त्याने शेडमधून करवत आणली आणि शेजारच्या डेरेकला हाक मारली. डेरेकने सारी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती.

"अरे, पोरीने एवढ्या हौसेने केलाय. जीव घेईल ती तुझा."

"घेऊ दे. तू वायर जोडणार की भाषण देणार?"

"आणि माप या टेपने घेतलंस? मेविसचा शिवणाचा टेप हा! ताणून लांब झालाय."

"शेगडी यानेच मोजली, जागाही यानेच. दोन्हीकडे सारखाच खोटा बोलला."

त्याने ओट्यावर चिकटपट्टी लावून रेघ मारली. पहिल्याच रेट्याला करवत घसरली आणि चकचकीत ओट्यावर लांब पांढरा ओरखडा उठला.

"गेलं!" डेरेक म्हणाला.

"बरं झालं. आता माघारी फिरायचा प्रश्नच नाही."

दुपारपर्यंत कप्प्यावरच्या ओट्याची पट्टी कापून निघाली. जुन्या घोंगडीवरून दोघांनी शेगडी ढकलत आणली, तर ती अर्ध्यात अडकली. सिरिलने बरोबर तिच्याएवढीच जागा कापली होती, हलायला केसभरही सोडली नव्हती. त्याने शिवी हासडली, शेगडी ओढून बाहेर काढली, रंधा घेतला आणि भुसा पायाशी साचेपर्यंत कड तासली. मग ती आत गेली. मेन बंद करून डेरेकने वायर जोडली.

रविवारी लॉरेन आली आणि दारातच थांबली.

"बाबा! हे काय केलंत?"

"ओटा कापला."

"आणि आता मशीन कुठे बसवायचं?"

"भांडी मी धुतो. तुझ्या आईची शेगडी या घरातून जाणार नाही. उद्या ती माणसं आली, की ही कापलेली पट्टी देईन त्यांच्या हातात."

तिने उघड्या, तपकिरी कडेवरून बोट फिरवलं. "सरळसुद्धा कापता आलं नाही तुम्हाला."

"नाही आलं."

ती रागाने खाली वाकली. आत काय चाललंय ते बघायला तिने ओव्हनच्या दाराला हात घातला.

"दार उघडू नकोस! पुडिंग बसतील!"

तिचा हात जागच्या जागी थांबला. या स्वयंपाकघरात लहानपणापासून दर रविवारी तिने हाच ओरडा खाल्ला होता, फक्त आवाज वेगळा होता. ती ओव्हनपुढे उकिडवी बसली. काचेआड पुडिंग फुगत होती. बटणाची खूण टोकाच्या ठिपक्यावर होती.

"उद्याच्या लोकांना मी फोन करते," ती उठत म्हणाली.

"मीच सांगेन त्यांना, तोंडावर. तू रस्सा ढवळ, खाली लागेल."