पायलीवरचा फेटा

माझा भाऊ फत्तेसिंग एरवी मला लग्नाच्या सामानाजवळ उभंही करायचा नाही. चौदाव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून मी कोरीटला त्याच्याच घरी. भांडी घासा, ढोरं बघा, पण हळदीच्या ताटाला पदर लागू देऊ नका. आणि त्या दिवशी तोच भाऊ पेटी उघडून मला म्हणतो, "रूपी, नवरदेवनं सामान तू काढ. आज कोन इचारस?"

विचारायला उरलं होतं कोण? मानमोडीच्या तापाची साथ गावभर पसरलेली. फेटा बांधणारा छगन न्हावी आधीच गेला होता. बायका दारं लावून बसल्या होत्या. आणि नवरदेव, फत्तेसिंगचा पोरगा, माझा दलपत, ज्याला त्याची आई गेल्यापासून मी माझ्या ताटात जेवू घातलं, तो आतल्या खोलीत तापानं फणफणलेला. नाकातून रक्त यायला लागलं होतं. त्याचा अर्थ त्या महिन्यात गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होता.

मग सामान कशाला? तर खांडा पाठवायला. आम्हा रजपुतांत नवरदेवाला जाता आलं नाही, तर त्याचा फेटा नि कट्यार मांडवात पाठवतात आणि पोरीचे फेरे त्यांच्याबरोबर लावतात. लग्न पक्कं. आमच्या घरात अट एकच, फेटा नवरदेवाच्या डोक्यावर बांधायचा आणि बांधलेला तसाच उचलून न्यायचा. डोक्याला न लागलेला फेटा म्हणजे नुसतं कापड.

"पोऱ्याले उठाले येत नही, नि तू लगीन लावी ऱ्हायना?" मी म्हटलं.

"लगीन लागनं का उठी बठी तो."

"नही उठना तर?"

"तर कुवारा तर जावाव नही." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

तेव्हा मला कळलं, की पोरगा जाणार हे त्याच्या मनानं घेतलंय. बिनलग्नाचा मेला तर गावाच्या वेशीवर भटकत राहील, ही धास्ती त्याला खात होती. पण तापीपल्याडच्या त्या नवरीचं, रेवाचं काय? तिनं फेरे घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासारखं कोपऱ्यात बसायचं. आमच्यात विधवेचा पाट लागत नाही. जन्मभर बसायचं.

फत्तेसिंग पेटीशी उभा राहून सांगत होता, लाल नको, केशरी घे, जरीकाठाचा. कट्यार चांदीच्या मुठीची. शेला हिरवा नको, पांढरा. मोत्यांचा तुरा त्यानं उजेडात नेला, एक मोती सैल वाटला तर परत आणला, दुसरा बघितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत पोरगा मरतोय आणि हा मोती हलवून बघतोय. पण तुरा माझ्या हातात देताना त्याला तो सोडवेना, तेही सांगते. बापच होता तो.

सामान घेऊन मी आत गेले. तो आला नाही. तापाला भ्याला की पोराच्या नजरेला, देव जाणे.

दलपतनं डोळे उघडले. केशरी कापड बघितलं आणि सगळं समजून गेला.

"फुई, खांडा जाई ऱ्हायना का?"

"हां."

त्यानं ते कापड हातानं बाजूला सारलं. मग म्हणाला, "ती पोरले तुन्हासारखी नको करू."

खरं सांगते, आधी मला रागच आला. मी काय महामारी आहे, की पोरीला माझ्यासारखी करू नको म्हणावं? मग रडू फुटलं. इतकी वर्षं त्या घरात माझी दशा कुणी बघतच नाही असं मी धरून चालले होते. हा पोरगा बघत होता.

मी कोपऱ्यातली ज्वारी मोजायची पायली घेतली, उपडी घातली आणि तिच्यावर फेटा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा बांधत होते, दोनदा सुटला. दलपत बघत होता. तुरा खोवला तेव्हा तो थोडासा हसला.

फेटा बाहेर नेऊन दिला. फत्तेसिंगनं तो कपाळाला लावला, कट्यार शेल्यात गुंडाळली आणि गाडी जुंपून तो तापीकडे निघाला.

दलपत दिवेलागणीला माझ्या मांडीवरच गेला. पलीकडे फेरे त्याआधी लागले की नंतर, हे मला आजही ठाऊक नाही.

सकाळी फत्तेसिंग परतला, मागोमाग नवरीकडची गाडी. त्यात पिवळ्या लुगड्यातली रेवा आणि सोबत तिचा भाऊ. मेलेल्याच्या घरात घोटभर पाणी द्यायला न आलेल्या बायका आता बांगड्या फोडायला बरोबर बाहेर आल्या. एकीनं पोरीचा हात धरलाही. मी त्या बाईचा हात झटकला आणि मधे उभी राहिले.

"हाई पोरनं लगीन लागेल नही. फेटा दलपतना डोकाले लागनाच नही. मी तो पायलीवर बांधा."

"खोटं बोलस तू," फत्तेसिंग म्हणाला.

"दलपतनी आन. त्यानंच नको सांगं."

तो ओट्यावर बसला. पोराचं प्रेत समोर होतं, पण तो माझ्याकडेच बघत होता.

"मंग मन्हा पोऱ्या कुवारा गया?"

त्या नजरेपुढून पळून जावंसं वाटलं. तरी म्हटलं, "हां."

रेवा अजून तिथंच उभी होती. तिनं तिच्या भावाला नाही, मला विचारलं, "मी मन्हा घर जाऊ?"

"जाय, बाय."

तिच्या भावानं बैल वळवले. कुणी अडवलं नाही.

फत्तेसिंग विळा घेऊन बांधाकडे गेला आणि रुईची डहाळी तोडून आणली. कुवाऱ्या मेलेल्याचं आमच्यात रुईशी लग्न लावतात, मगच चितेवर नेतात; खऱ्या लग्नाची सर त्याला नाही, पण आता तेवढंच उरलं होतं. त्यानं परत आलेला केशरी फेटा सोडला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

"आते बांध. या खेपे पोऱ्याना डोकावर."

मान सावरायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्यानंच ती दोन्ही हातांत धरली. मी बांधत होते आणि आमची डोकी एकमेकांना लागत होती.  पुढे आम्ही एकाच घरात म्हातारे झालो, तरी तो माझ्याशी बोलला नाही.