चवड्यांवर

किटातून, म्हणजे जर्मन पाळणाघरातून, ऊर्जाला घ्यायला गेलेल्या देवश्रीला तिथल्या फ्राऊ लेन्झने जरा बाजूला बोलावलं, तेव्हा तिला वाटलं, लेकीने पुन्हा कुणाचा तरी चावा घेतला असणार. पण तसं काही नव्हतं.

"ऊर्या फार गोड मुलगी आहे," बाई म्हणाल्या. जर्मन तोंडात ऊर्जाची ऊर्या व्हायची आणि ते दुरुस्त करणं देवश्रीने कधीच सोडून दिलं होतं. "पण ती सारखी चवड्यांवर चालते. हॉलमध्ये, बागेत, हात धुवायला जाताना. टाच टेकवतच नाही. आम्ही बरेच दिवस बघतोय. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्याल का?"

रस्ताभर देवश्री लेकीच्या पायांकडे बघत आली. बुटांत ते एवढं जाणवत नव्हतं. घराचं दार उघडलं, ऊर्जाने बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि दोन्ही हात जरा बाजूला पसरून, श्वास रोखून, चवड्यांवर आत गेली. रोज अशीच जायची. रोज देवश्री म्हणायची, "शाब्बास माझी मनी!" आज तिला त्या शाब्बासकीचीच लाज वाटली.

कारण हे चालणं तिनेच शिकवलं होतं.

गौरांगला इथे बॉबलिंगेनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा पुण्याचं बिऱ्हाड आवरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ इथे घर मिळायला लागला. अर्ज करायचे, घर बघायला चाळीस माणसांच्या रांगेत उभं राहायचं, हसरे चेहरे करायचे आणि नकार घेऊन परत यायचं. अखेर घरमालक हेर माउररने त्यांना हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिला, तेव्हा दोघांना आभाळ ठेंगणं झालं होतं. आत शिरताच डोळ्यांत भरायची ती ओक लाकडासारखी दिसणारी चकचकीत जमीन. "आलेस नॉय!" माउरर बुटाची टाच लॅमिनेटच्या फळ्यांवर आपटत म्हणाला होता. सगळं नवं कोरं, स्वतःच्या हाताने केलेलं.

ती जमीन आहे की पत्र्याचा डबा, हे राहायला आल्यावर कळलं. पाऊल टाकलं की ढब्. खुर्ची सरकवली की घर्रर्र. दारांपाशी फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या आणि त्यांत तांदळाचे दाणे जाऊन बसायचे. स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी गुडगुड करत, उपकार केल्यासारखं उतरायचं. माउररला फोन केला की उत्तर ठरलेलं. "तुमच्या जेवणात तेल फार असतं, फ्राऊ खांबेटे." देवश्रीने तेल गाळून बाटलीत भरून टाकायला सुरुवात केली, तरी सिंकची गुडगुड थांबली नाही.

आणि मग ऊर्जा चालायला लागली.

लहान मूल चालत नाही, ते धावतं. ती धावली की खालच्या मजल्यावरून छताला ठोके बसायचे. ठक, ठक, ठक. खाली फ्राऊ हेबर्ले एकट्या राहायच्या, आणि ते ठोके त्यांच्या झाडूच्या दांड्याचे होते. जिन्यात भेटल्या की नमस्काराचं "गुटन टाग"सुद्धा दातांतून काढायच्या. मग माउररचा फोन आला. तक्रार आली आहे, मुलांना वळण लावावं लागतं, जर्मनीत शेजाऱ्यांचा विचार करतात. देवश्री घरून काम करायची, त्यामुळे ठोके दिवसभर तिच्याच वाट्याला. तिने स्वस्तातले गालिचे आणून अंथरले, खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवले, आणि शेवटी तो खेळ काढला. मांजर कशी चालते? अश्शी. आवाज येतो का? नाही! शाब्बास. पोरगी हुशार. तिने खेळ इतका मनावर घेतला की आता तिला दुसरं चालणं येतच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ऊर्जाचे पाय वाकवून पाहिले, पोटऱ्या चाचपल्या, तिला पळायला लावलं. "स्नायू अजून ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "असंच चालत राहिलं तर मात्र आखडतील. घरी तिला कुणी हळू चालायला सांगतं का?"

गौरांग खिडकीबाहेर बघायला लागला. उत्तर ऊर्जानेच दिलं. ओठांवर बोट ठेवून ती म्हणाली, "लाइझं!" म्हणजे हळू. घरी मराठी कळत असूनही ती जर्मनच बोलायची, पण हा शब्द तिने अगदी देवश्रीच्या सुरात उच्चारला.

परतताना ऊर्जा गाडीतच झोपली. घरी तिला निजवल्यावर मात्र देवश्रीचा बांध फुटला.

"मी आत्ताच्या आत्ता खाली जाणार आहे."

"देवश्री, शांत हो. भांडून काय होणार? घर सोडायला लावलं तर? मागच्या वेळी काय वणवण झाली, आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणूनच इतके दिवस आपण आपल्याच घरात चोरासारखे वावरलो. तेलाला नावं ठेवली, ऐकून घेतलं. मला पोरीला वळण लावता येत नाही असं बोलला तो माउरर, तेही ऐकलं. पण पोरीच्या पायांवर आलंय आता, गौरांग. तुला राग कसा येत नाही?"

"येतो ना. पण..."

"तुझं ते पण इथेच ठेव," असं म्हणून ती चपला अडकवून खाली उतरली.

फ्राऊ हेबर्लेंनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. देवश्रीने वाटेत जुळवलेली जर्मन वाक्यं एका दमात फेकली. माझी मुलगी लहान आहे. लहान मुलं चालतात. तुमच्या झाडूमुळे ती चवड्यांवर चालते. तुम्हाला मुलंबाळं कधी नव्हतीच का?

"तीन होती," म्हातारी म्हणाली. "आत या. आधी ऐका, मग ओरडा."

तिने देवश्रीला बैठकीत नेऊन उभं केलं. वर ऊर्जा दुपारची झोपली होती आणि एकटा गौरांग जागा होता, तोही पायांत मोजे घालून. तो बाथरूमकडे गेला असावा. देवश्रीच्या डोक्यावरून जणू कुणी भरलेली पिंपं गडगडत नेली. काचेच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या. मग भिंतीतून धबधब्यासारखं पाणी कोसळलं. गौरांगने फ्लश केला होता.

देवश्री वर बघत राहिली. एवढ्या आवाजाखाली ही बाई रोज जेवते, झोपते?

"तुमच्या आधी केलर राहायचे," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "दोन मुलगे. घरात फुटबॉल खेळायचे. मला काही ऐकू यायचं नाही. तेव्हा वर जाड कार्पेट होतं. मग माउररने महिनाभर ठोकाठोकी केली, तुम्ही आलात, आणि हे सुरू झालं. मला वाटलं, तुम्ही घरात लाकडी चपला घालता."

"आणि आम्हाला वाटलं, आम्ही परके म्हणून नको आहोत तुम्हाला."

म्हातारीने क्षणभर विचार केला. "तेही थोडं वाटलंच होतं," ती म्हणाली. देवश्रीला या सरळ बोलण्याचा राग यायला हवा होता, पण उलट जरा बरं वाटलं. "आणि आता तुम्ही आलाच आहात तर हेही बघा."

स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा पिवळट डाग पडला होता. मधोमध ओला.

देवश्री जिन्याने धावत वर गेली. सिंकखालच्या कपाटातले डबे बाहेर काढून तिने मागे हात घातला, तर भिंत गार आणि ओली. भिंतीत शिरणाऱ्या पाइपचा सांधा नुसती चिकटपट्टी गुंडाळून बसवला होता आणि त्यातून थेंब गळत होते. कपाटापुढच्या फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या. पुढे अंथरलेल्या गालिच्याने ते सगळं झाकून टाकलं होतं.

सोमवारी माउरर आला. बूट न काढताच आत आला. फुगलेल्या फळ्या पाहिल्या आणि मान हलवली.

"तुम्ही बादलीने फरशी धुता," तो म्हणाला. "मला माहीत आहे. भारतात असंच करतात. हे लॅमिनेट आहे, फ्राऊ खांबेटे. याला पाणी चालत नाही."

"मी पिळलेल्या फडक्याने पुसते. पाइप गळतोय. सिंकखाली बघा."

"पाइप मी स्वतः बसवला आहे."

"तेच म्हणतेय मी!"

गौरांगने तिच्या दंडाला हळूच हात लावला. तिने तो झटकला. तेवढ्यात उघड्या दारातून फ्राऊ हेबर्ले काठी टेकत आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माउररचा आवाज जिन्यात ऐकून त्या आपणच आल्या होत्या.

साक्षीदार मिळाल्यावर माउररला चेव आला. "पाणी वरून आलं आहे, हे आत्ता दाखवतो," तो म्हणाला. खिशातून पटाशीसारखं काहीतरी काढून त्याने एक फुगलेली फळी उचकटली आणि विजयाने उलटी करून धरली. पण बाकीचे फळीकडे बघत नव्हते. ते खालच्या खड्ड्याकडे बघत होते. फळीखाली उघडंबोडकं सिमेंट होतं. आवाज शोषायला लॅमिनेटखाली फोमचा जो थर घालतात, त्याचा मागमूस नव्हता. सिमेंटवर भिंतीकडून आलेलं पाणी चमकत होतं.

"फोम कुठे आहे?" फ्राऊ हेबर्लेंनी विचारलं.

"त्याची इथे गरज..."

"फोम कुठे आहे, माउरर?"

तो काहीतरी पुटपुटला आणि फळी परत बसवायला लागला. तेव्हा देवश्री बोलली. सुरुवात जर्मनमध्येच केली. माझी मुलगी, तिचे पाय, डॉक्टर. पण क्रियापदं सापडेनात, आणि शोधायला थांबण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. तिने सरळ मराठीच सुरू केली.

"लाज नाही वाटत तुम्हाला? फसवणूक तुम्ही करायची आणि वळण माझ्या पोरीला लावायचं? या म्हातारीवर तुम्ही बहिरं व्हायची वेळ आणलीत, आम्हाला एकमेकींच्या वैरिणी केलंत, आणि वर माझ्या कढईतलं तेल मोजता? आणि हे घर आहे, गॅरेज नाही. ते बूट काढा आधी!"

माउररला एक शब्द कळला नाही. पण तिने बोट दाखवलं तसं त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि खाली वाकून तो नाड्या सोडायला लागला.

फ्राऊ हेबर्लेंनी त्याला तिथेच बजावलं की खालचा फ्लॅट त्यांच्या मालकीचा आहे आणि इमारतीतल्या मालकांच्या पुढच्या सभेत या जमिनीवर चर्चा होईल. देवश्रीला भाडेकरू म्हणून तिथे बसता येत नव्हतं. पण म्हातारी सभेहून येताना मुद्दाम वर आली आणि कोण काय म्हणालं ते सगळं सांगून गेली. माउरर बराच वेळ हुज्जत घालत होता. मग तज्ज्ञ माणूस बोलवायचं ठरू लागलं, तसा तो नमला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी जमीन उखडली. हे तिघं कायझर्सलाउटर्नला गौरांगच्या मित्राकडे जाऊन राहिले. परत आले तर पाइप नवा, फळ्या नव्या, खाली फोम. पाऊल टाकलं की फक्त पाऊल टाकल्याचा आवाज.

माउरर पाहणी करायला आला, या वेळी दाराबाहेरच बूट काढून. हात चोळत म्हणाला, "आल्झो! तर मग, आता समाधान?"

अशा वेळी "या, या, डांके", म्हणजे हो, हो, धन्यवाद, असं म्हणायची देवश्रीला सवय होती. गौरांगने तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाइन," देवश्री म्हणाली. नाही.

माउररचं हसू तिथेच अडकलं. त्याने विचारलं, का? देवश्रीने ऊर्जाला हाक मारली. पोरगी आतल्या खोलीतून आली, त्या नव्या, मुक्या जमिनीवरून, हात पसरून, चवड्यांवर. माउररने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. माफी काही त्याने मागितली नाही. "मुलं विसरतात," एवढं म्हणून दाराकडे गेला. देवश्री दार धरून उभी राहिली, पण त्याला निरोपाचं "चूस" म्हणाली नाही.

पुढे बरेच दिवस ती ऊर्जाला पाय आपटायला शिकवत होती. हत्ती कसा चालतो, दाखव. ऊर्जा दोन पावलं आपटायची, घाबरून खाली बघायची, आणि "लाइझं, ममा" म्हणून पुन्हा उचलायची टाचा. डॉक्टरबाईंनी दिलेले व्यायाम रोज करावे लागत. कधी कधी व्यायाम घेताना देवश्रीला इतका संताप यायचा की ती उठून बाल्कनीत जाऊन उभी राहायची. कुणावर, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्यात ती स्वतःही होती.

थंडी पडायला लागली तेव्हा एका शनिवारी जिना झाडायची पाळी तिची होती आणि ती झाडत तळमजल्याजवळ पोचली होती. फ्राऊ हेबर्ले बाजारहाट करून वर येत होत्या. देवश्रीच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "काल तुमची छोटी धावत होती. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोडंसं ऐकू आलं मला."

देवश्रीच्या ओठांवर सवयीने माफी आली होती. ती तिने गिळली.

"टाचा टेकवून?" तिने विचारलं.

"ते छतातून कसं कळणार?" म्हातारी कुरकुरली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर चढू लागली. "पण धडधडत होती, एवढं नक्की."