मी साखळी धरून होतो

मित्रांनो, मोटारसायकलजवळून तुम्ही रोज जात असाल. तिची टाकी, दिवा, आरसे तुम्ही पाहिले असतील. मला मात्र पाहिलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. इंजिनाच्या पाठीला दोन बोल्टांनी आवळलेला, अंगठ्याहून जरा मोठा असा मी एक जुना टेन्शनर आहे. माझं डोकं इंजिनाबाहेर आणि पाय इंजिनात, त्यामुळे घरची आणि दारची दोन्हीकडची खबर मला असे. आता मी कामावरून उतरलो आहे, पण काळजी करायची सवय काही सुटत नाही.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे माझी धास्ती तुम्हाला कळेल. इंजिनात पिस्टन खालीवर पळत असतो आणि त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह नावाची दोन झाकणं उघडमीट करत असतात. पिस्टन वर आला की झाकणांनी बाजूला व्हायलाच हवं, नाहीतर टक्कर ठरलेली. हा मेळ एक बारीक साखळी सांभाळते. मागचं चाक फिरवणारी ती नव्हे. ही आत तेलात राहते, कुणाच्या नजरेला पडत नाही. वापराने ती सैल होते. सैल झाली की फडफडते, आणि फारच फडफडली तर दात चुकवून उडी मारते. मग इंजिन जागच्या जागी अडकतं, मागचं चाक जाम होतं आणि वर बसलेला माणूस रस्त्यावर. तसं होऊ नये म्हणून साखळीला बाजूने रेटून धरायला मी. माझ्या पोटात एक स्प्रिंग, तिच्यापुढे एक दांडा, दांड्यावर करवतीसारखे दात आणि त्या दातांत अडकणारी एक खिट्टी. साखळी जराशी ढिली पडली की दांडा एक दात पुढे सरकतो आणि खिट्टी त्याला तिथेच अडवते. पुढे जायचं, मागे फिरायचं नाही, एवढाच धडा शिकवून मला कारखान्यातून बाहेर काढलं.

त्या धड्याची परीक्षाही झाली. तपासणीच्या टेबलावरची बाई प्रत्येकाचा दांडा अंगठ्याने मागे ढकलून पाही. मागे गेला तो भंगारात. माझ्यावर तिने जरा जास्तच जोर लावला, कदाचित जेवणाची सुट्टी जवळ आली होती म्हणून. मी तसूभर हललो नाही.

मला विकत घेतलं एका मेस्त्रींनी. त्यांचं गॅरेज घराला लागूनच होतं. वर पत्रे, भिंतीवर प्रत्येक पान्याची रंगाने काढलेली आकृती आणि मधल्या दारातून थेट स्वयंपाकघर. जेवायला उशीर झाला की मेस्त्री हातोडी आपटत, आणि हातोडी फार आपटली की आतून एखादं पातेलं आपटे. त्यांची मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. तिला नुकतीच नोकरी लागली होती: गावातल्या रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या घ्यायच्या आणि घाटापलीकडच्या रुग्णालयात पोचवायच्या. मेस्त्रींनी तिच्यासाठी एक जुनी मोटारसायकल पहिल्या नटापासून पुन्हा उभी केली आणि तिच्यात मला बसवलं.

मग त्यांनी आपली खास पद्धत वापरली. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी गॅरेजात कुणी खोकत सुद्धा नसे. डॉक्टरांनाही कळणार नाही असं दुखणं मेस्त्री त्या स्क्रूड्रायव्हरने, त्यांच्या भाषेत काडीने, शोधून काढत. माझा पहिला दात पुढे सरकला, अगदी बारीक टिक झालं, आणि मेस्त्रींनी ते ऐकलं! "बसला," ते म्हणाले. "याच्या भरवशावर पोरीला घाटात पाठवायला हरकत नाही." मित्रांनो, एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली.

पाचव्या वर्षी मेस्त्रींचे कान जायला लागले. चाळीस वर्षं हातोड्यांच्या आणि सायलेन्सरच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, "मेस्त्री, गाडी चढावर मरते हो." मेस्त्री हसून म्हणाले, "छान, छान, अशीच राहू द्या." तिथे स्पेअर पार्टवाला उभा होता. तो पोट धरधरून हसला आणि संध्याकाळपर्यंत तो किस्सा त्याने अख्ख्या बाजाराला सांगून टाकला. त्या दिवसापासून मेस्त्रींनी "काय म्हणालात?" असं कुणालाही विचारणं सोडलं. ते समोरच्याचा चेहरा निरखायचे आणि अंदाजाने हो म्हणायचे. अंदाज चुकतोय असं दिसलं की भिंगरीची आई स्वयंपाकघरातून बाहेर येई आणि त्यांच्या वतीने बोलून जाई. घरात याबद्दल अवाक्षर निघत नव्हतं. बहिरा मेस्त्री म्हटल्यावर गाडी कोण आणणार, ही भीती दोघांच्याही पोटात होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझे दात झिजले.

सहाव्या वर्षी एका थंड सकाळी भिंगरीने किक मारली आणि माझा दांडा मागे घसरला. मागे! दातांची टोकं गोल झाली होती, खिट्टीला धरायला काही उरलं नव्हतं. ढिली साखळी आतल्या भिंतीवर आपटली: खडखडखड. तेल चढलं, स्प्रिंगने पुन्हा रेटलं आणि पाचेक सेकंदांत मी जागेवर आलो. पण माझं धाबं दणाणलं ते कायमचं. आज घसरलो, उद्या घाटात घसरलो तर? चढ मला इतका जड जात नाही. उतारावर मात्र भिंगरी अ‍ॅक्सिलरेटर सोडते, इंजिन गाडीला मागे ओढतं आणि साखळीचा सगळा झटका माझ्या अंगावर येतो. त्या उतारावर तेरा वळणं आहेत. प्रत्येक वळणाला मी म्हणायचो, एवढं निभावू दे.

भिंगरीलाही तो आवाज ऐकू आला होता. तिने त्याच रविवारी विचारलं, "बाबा, सुरू करताना खडखड होते का हो जरा?"

मेस्त्रींनी काडी लावली, डोळे मिटले. हाताला थरथर लागत असणार, जाड धडधडही येत असणार. माझी बारीक खडखड त्यांच्यापुरती कधीच बंद झाली होती. ऐकू आलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मानणं फार सोयीचं असतं. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. भिंगरीने स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढला आणि बाबांच्या शब्दावर ठेवला. बाबांचं निदान कधी चुकलंय का?

असे दोन महिने गेले. पाच सेकंदांचे दहा झाले, दहाचे वीस.

मग ती सकाळ आली. घाटापलीकडे एक बाळंतीण अडली होती. शस्त्रक्रिया ठरली होती आणि दोन पिशव्या तातडीने हव्या होत्या. भिंगरी पिशव्यांची थंड पेटी मागे बांधून निघाली, पण त्या दिवशी माझी खडखड थांबेचना. वाटेवरच गॅरेज होतं, तिथे तिने गाडी घातली. आत एक दूधवाला आपलं पंक्चर काढून घेऊन नुकताच उठत होता आणि स्पेअर पार्टवाला दाराला टेकून उभा होता.

"बाबा, आज आवाज थांबतच नाहीये. लवकर बघा ना."

मेस्त्रींनी काडी लावली. स्पेअर पार्टवाला बघत होता. मेस्त्रींनी डोळे मिटले, मान हलवली. "काही नाही. ठणठणीत. जा तू."

"नक्की ना?"

"चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, आणि तू मला नक्की ना विचारतेस?"

भिंगरी ओशाळली आणि तिने हेल्मेट चढवलं. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण खडखड सोडून मला दुसरी भाषा कुठे येते? तिने गिअर टाकला, गाडी फाटकाकडे निघाली.

मधल्या दारात भिंगरीची आई उभी होती. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी जवळून गेली तशी तिने दाताखाली खडा आल्यावर होतो तसा चेहरा केला आणि कानावर हात नेला. मेस्त्रींनी ते पाहिलं. गेलं वर्षभर ते कानांऐवजी चेहऱ्यांवरच तर जगत होते! त्यांनी चटकन दूधवाल्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या. स्पेअर पार्टवाल्याकडे पाहिलं. त्याच्या भुवया वर गेलेल्या. तिघांना काहीतरी ऐकू येत होतं, आणि त्यांना नव्हतं.

ते गप्प राहू शकले असते. बोलले तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार, हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी एकदा खाली पाहिलं. मग काडी टाकून दिली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटले. फाटकापाशी त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"उतर."

"अहो बाबा, उशीर होतोय..."

"उतर म्हणतो ना! मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मी खोटं बोललो तुझ्याशी. मला काही ऐकू आलेलं नाही."

कुणी हसलं नाही. स्पेअर पार्टवाला आपल्या चपलांकडे बघू लागला. दूधवाला तेवढा भानावर होता. "ताई, माझी गाडी न्या. नुसतं पंक्चर होतं, ते काढायला कान लागत नाहीत," तो म्हणाला आणि स्वतःच पेटीची दोरी सोडायला लागला. दोन मिनिटांत भिंगरी गेली.

मग मेस्त्रींनी बायकोच्या हातात काडी दिली. "तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

ओठांवरून त्यांना ते बरोबर समजलं. "कळायला नको. कसा आवाज येतो तेवढं सांग. इथे?"

"धडधड. तुम्ही घोरता तसं," ती मोठ्याने म्हणाली.

"आणि इथे?"

ती दचकून मागे सरली. "अगं बाई! डब्यात खिळे हलवल्यासारखं."

तो मी होतो. त्यांनी इंजिन बंद करून दोन बोल्ट काढले, मला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने माझा दांडा दाबला. मी सरळ आत गेलो, थेट तळापर्यंत. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मेस्त्री स्टुलावर बसले. "पोरीला मी याच्या भरवशावर घाटात पाठवत होतो," एवढंच बोलले आणि सगळ्यांदेखत रडले. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी भिंगरी सुखरूप परतली. बाळंतीण वाचली, बाळही वाचलं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा टेन्शनर बसला आणि त्याची पहिली टिक भिंगरीच्या आईने ऐकली. मेस्त्री आता येणाऱ्याला आधीच सांगतात, "जोरात बोला, मला कमी ऐकू येतं. ऐकायचं काम हिच्याकडे आहे." तीन गिऱ्हाइकं तुटली. बाकीची टिकली, आणि काहींना तर मेस्त्रींपेक्षा तिचेच कान जास्त पटतात.

मी गॅरेजच्या फळीवर पडून असतो. भिंगरी घाटात गेली की अजूनही माझा जीव टांगणीला लागतो. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीने नवा आवाज काढला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. तिला तेवढंच बोलता येतं. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. आपल्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, आता जमत नाही, असं कुणी सांगू पाहत असेल तर त्याला हसू नका. हसलात, तर पुढच्या वेळी तो ठणठणीत आहे म्हणेल, आणि त्या शब्दावर कुणाची तरी लेक घाटात निघेल.