मी तीनदा ओरडत होतो

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, उसासे टाकावेत अशी रीत आहे. माझे उसासे मागच्या पंख्यातून निघतात आणि त्यांत धूळच जास्त असते. तेव्हा गोड बोलणं मला जमेलच असं नाही. पण खोटं बोलणार नाही. माझ्यात जे एकदा साठवलं, ते मी बदलत नाही.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात, खिडकीशेजारच्या टेबलावर मी तेरा वर्षं बसलो आहे. माझ्याआधी त्या जागी लाकडी ड्रॉइंग बोर्ड होता. मालक मधुसूदनराव त्यावर पेन्सिलीनं यंत्रांचे नकाशे काढत. एक रेघ चुकली की रबरानं कागद घासून घासून भोक पडायचं. तो बोर्ड आता गोदामात लोखंडी पाइपांना टेकून उभा आहे. मला कधी कधी त्याची आठवण येते. त्याला कोणी मोडका म्हटलं नाही. नुसतं उचलून नेलं.

मी मोठ्या कंपनीच्या खोक्यातून आलो नाही. दत्त चौकाजवळच्या एका अरुंद दुकानात उत्तमसिंग नावाच्या कारागिरानं सुटे भाग जोडून मला उभं केलं. बोटं जाडजूड, पण स्क्रू असा फिरवायचा की जणू बाळाच्या कानात तेल घालतो आहे. सगळं झाल्यावर त्यानं माझ्या आत एक बोटाच्या पेराएवढा स्पीकर जोडला. त्याला दोन बारीक वायरी होत्या.

"एवढुशा डबीतून गाणे वाजतात काय?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"गाण्यासाठी नाही, साहेब. याले दुखलं-खुपलं तर सांगीन कसा? हे त्याचं तोंड आहे."

मग त्यानं समजावलं. सुरू होताना एक बीप वाजली, म्हणजे सगळं ठीक. तीन वाजल्या, थांबून पुन्हा तीन वाजल्या, म्हणजे मेमरीत काहीतरी खुपतं आहे. मालकांनी मान हलवली आणि विसरून गेले. त्यांच्यासोबत एक बावीस वर्षांची मुलगी आली होती. तिनं वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून घेतलं, 'एक - ठीक. तीन - मेमरी.' ती शीला. नकाशे काढायला नवीनच लागली होती.

काय ते दिवस होते, मित्रांनो! माझ्या खोलीत चपला बाहेर काढून यावं लागे. उन्हाळ्यात माणसांना पंखा आणि मला कूलर. मालकीणबाई रत्नप्रभाकाकूंनी माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं, कडेला निळी फुलं असलेलं. राळेगावचे दुकानदार यायचे, तेव्हा मधुसूदनराव शीलाला सांगायचे, "दाखव यांना फिरवून." मग शीला पडद्यावर पेरणीयंत्राचा फण गोल फिरवायची आणि ती मंडळी चहा थंड होईपर्यंत बघत राहायची. बारा-तेरा वर्षांत शीलानं माझ्यावर तीनशेच्या वर नकाशे काढले. त्या फणांनी कुठल्या कुठल्या शेतांत माती उकरली असेल! मी ती शेतं पाहिली नाहीत. पण फणाचा कोन साडेबावीस अंशांचा होता, हे मला आजही पाठ आहे.

मग माझे दिवस फिरले. त्यात नवल नाही. यंदा कारखान्यानं पऱ्हाटीचा भुगा करणारं मोठं यंत्र करायला घेतलं. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काड्या उभ्या राहतात, त्या म्हणजे पऱ्हाटी. त्या यंत्राचे भाग इतके, की नकाशा उघडता उघडता मी गोठून जायचो. माझी मेमरी तोकडी पडत होती. टेबल लहान असलं की माणूस सगळे कागद एकदम पसरू शकत नाही, तसंच हे.

याच सुमारास मालकांचा पुतण्या क्षितिज पुण्याहून शिकून परत आला. पहिल्याच दिवशी मला बोटानं टकटक करून म्हणाला, "काका, हा अजून जिवंत आहे? याला म्युझियममध्ये द्या."

शीला म्हणाली, "साहेब, नवीन घ्यायची गरज नाही. मेमरीची एक पट्टी वाढवली तर हा अजून चार वर्षं काम देईन. खाच रिकामी आहे त्याच्यात."

मधुसूदनरावांनी दोघांकडे पाहिलं. "ठीक आहे. पट्टी मागव. चाललं तर पऱ्हाटीच्या मशीनचे नकाशे तू काढशील. नाही चाललं तर नवीन मशीन येईल आणि त्यावर क्षितिज बसेल. तू स्टोअर सांभाळ."

स्टोअर म्हणजे नट-बोल्ट मोजून देण्याची खिडकी. शीला फक्त "हो" म्हणाली. तिच्या बोटांनी कळफलकावर उगाचच एक अक्षर दाबलं आणि खोडलं. ते मी पाहिलं.

आता नीट ऐका, कारण माझा राग इथून सुरू होतो.

पट्टी यायच्या आधी दसरा आला. दसऱ्याला शीला दरवर्षी सुट्टी घेते. आईला सोबत घेऊन, पांढरी साडी नेसून ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूची माळ, वेल्डिंग मशीनला कुंकू, मलाही कुंकू. तेरा वर्षं माझ्या कपाळावर काकूंच्या बोटाचा ठसा उमटला आहे आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

यंदा क्षितिजला माझी साफसफाई सुचली. त्यानं मला टेबलावर आडवं झोपवलं, बाजूचा पत्रा काढला, ब्लोअरनं धूळ उडवली, आणि फोन आला म्हणून तसाच उठून गेला. काकू ताट घेऊन आल्या, तेव्हा माझं पोट उघडं होतं.

"अरे क्षितिज, याचं झाकण तर लाव!"

"राहू द्या हो काकू, तुम्ही पूजा करून घ्या. मी मग लावतो."

काकूंनी जपून, बाहेरच्या कडेला कुंकू लावलं. पण अक्षता टाकताना हात सवयीनं पडतो. तुपाच्या बोटानं चोळलेल्या लाल अक्षता माझ्या अंगावर पडल्या. क्षितिजनं नंतर ब्लोअर मारून त्या उडवल्या. एक दाणा मात्र मेमरीच्या रिकाम्या खाचेत, अगदी तळाशी, तुपानं चिकटून बसला. क्षितिजनं पाहिलं नाही. पत्रा लावला, दोन स्क्रू खिशात ठेवले आणि गेला.

खाच रिकामीच होती, म्हणून मला दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी आली. शीलानं सगळं उत्तमसिंगनं सांगितलं होतं तसं केलं. वीज बंद केली, वायर काढली, आधी माझ्या लोखंडाला हात लावला, मग पट्टी खाचेत बसवली. एका बाजूची कडी टक् करून लागली. दुसरी लागेना.

"ही बसून नाही राह्यली," ती म्हणाली. "काहीतरी आड येऊन राह्यलं."

"ताई, घाबरता काय इतक्या? सरका." क्षितिजनं अंगठा ठेवला आणि जोर लावला. कडी लागली. पण पट्टी तिरपी होती, आणि खाली तांदूळ होता.

बटण दाबलं. मी ओरडलो. बीप, बीप, बीप. थांबलो. बीप, बीप, बीप. मित्रांनो, माझ्याजवळ दुसरा शब्द नाही. तोच एक मी जीव तोडून सांगत होतो. पडदा काळा. क्षितिजनं बंद करून चालू केलं. मी ओरडलो. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाच वेळा. सहाव्या वेळी तो वैतागला. "काय कटकट आहे!" म्हणाला, आत हात घातला आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी उपटल्या.

मग मी गप्प झालो. म्हणजे, मला गप्प केलं.

एवढ्यात मधुसूदनराव आत आले. काळा पडदा, शांतता.

"काय झालं?"

"गेला, काका," क्षितिज म्हणाला. "ताई पट्टी बसवत होत्या. खाच मोडली बहुतेक. आवाजसुद्धा येत नाही आता."

माझ्या डोळ्यांदेखत! आपल्या अंगठ्याचं नाव त्यानं घेतलं नाही. उपटलेल्या वायरी त्याच्या पायाशी पडल्या होत्या.

मधुसूदनराव शीलाला म्हणाले, "तेरा वर्षं चांगला चालला. आज तुझा हात लागला आणि मोडला."

दारात दोन वेल्डर उभे होते. त्यांनीही ऐकलं. तेरा वर्षं मी त्याच हातांखाली चाललो होतो, पण हे कोणाला सांगू? माझं तोंड जमिनीवर पडलं होतं. शीलाचा चेहरा असा झाला की तिच्या आईनं पाहिला असता तर तिला तिथून हाताला धरून नेलं असतं. ती गेली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नट-बोल्टच्या खिडकीत उभी राहिली.

"चार वाजता भंगारवाला येईल," क्षितिज जाता जाता म्हणाला. "त्याच्यासोबत देऊन टाकू."

एक वाजता ऑफिस रिकामं झालं. शीला आत आली. डबा न उघडता तिनं फोन लावला. उत्तमसिंगनं दुकान केव्हाच बंद केलं आहे. तो दारव्ह्याकडे आपल्या तांड्यावर राहतो आणि फोनवर गावभर ऐकू जाईल असा बोलतो.

"ओरडत होता म्हणतेस? किती वेळा?"

"तीन. मग थांबून तीन. मग याच्या वायरीच उपटल्या त्यानं."

"कायले उपटल्या?"

"कटकट होते म्हणून."

पलीकडे उत्तमसिंगनं कोणाला तरी शिवी हासडली. मला फार बरं वाटलं.

"बेटा, बोंबलत होता म्हणजे जिवंत आहे. मेलेला माणूस बोंबलते काय? आधी त्याचं तोंड जोड. मग एकेक पट्टी काढून पाह्य. घाई नको करू. ज्याले घाई आहे त्याले बाहेर बसव."

शीलानं जमिनीवरून वायरी उचलून जोडल्या. नवी पट्टी काढली, जुनी एकटी ठेवली. बटण दाबलं. मी एकच बीप दिली आणि पडदा उजळला. तिनं तोंडावर हात ठेवला. मग बंद करून, जुनी काढून, तिच्याच खाचेत नवी बसवली. पुन्हा एक बीप. म्हणजे मी चांगला, पट्टीही चांगली. राहिली ती दुसरी खाच. तिनं मोबाइलचा टॉर्च आत धरला, डोळा बारीक केला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग केसांतला आकडा काढायला हात नेला, थांबली, आणि लोखंड नको म्हणून डब्यातल्या लोणच्याजवळची लाकडी दातकोरणी घेतली.

तळहातावर तो दाणा आला. लाल, तुपकट, एका टोकाला चेपलेला.

त्याच वेळी काकू चहा सांगायला आत आल्या. त्यांनी दाणा पाहिला आणि ताट हातात असल्यासारखे हात पुढे केले. "अगंबाई. ही तर माझी अक्षता."

"मी त्या दिवशी नागपूरला होती, काकू," शीला म्हणाली. एवढंच.

"मी त्याला म्हटलं होतं झाकण लाव म्हणून," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

शीलानं खाच मऊ ब्रशनं साफ केली. दोन्ही पट्ट्या बसवल्या. दोन्ही कड्या टक्, टक् लागल्या. चार वाजता भंगारवाल्याची गाडी फाटकाशी आली, तेव्हा माझ्या पडद्यावर पऱ्हाटीचं यंत्र आपल्या सगळ्या पात्यांसकट गोल फिरत होतं आणि मी एकदाही गोठलो नव्हतो.

मधुसूदनराव पाहतच राहिले. क्षितिजनं तो दाणा पाहिला. "होतं असं कधी कधी," म्हणाला आणि फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

"चला, झालं एकदाचं," मधुसूदनराव म्हणाले. "शीला, उद्यापासून नकाशे सुरू कर."

"करते, साहेब. पण सकाळी तुम्ही म्हटलं, 'तुझा हात लागला आणि मोडला.' ते तेवढं परत घ्या."

"अगं, रागात म्हणतो माणूस."

"म्हटलं तेव्हा हे दोघं दारात होते. आतापण आहेत."

वेल्डर आपल्या बुटांकडे पाहू लागले. काकू नवऱ्याकडे पाहत होत्या, अजिबात न हलता. मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी माझा पंखासुद्धा हळू फिरवला.

"परत घेतो," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, दाराकडे वळून, "तिच्या हातानं मोडला नाही. तिच्या हातानं सुरू झाला."

मित्रांनो, त्या दिवसापासून काकू माझी पूजा बाहेरूनच करणार म्हणून सांगतात. तो दाणा शीलानं फेकला नाही. माझ्या कपाळावर, कुंकवाच्या ठशाखाली, चिकटपट्टीत बसवून ठेवला आहे. नवीन माणूस विचारतो, हे काय? ती सांगते, "याची खूण आहे. हा ओरडला तर आधी मोजा."

मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. यंत्रं पुसत राहा, झाकण लावत जा, हे तर आहेच. पण कोणी ओरडत असेल, मग ते यंत्र असो, मूल असो की कामावरची बाई, तर त्याच्या वायरी उपटू नका. तो काय सांगतो ते मोजा. आणि दोष द्यायची घाई झाली, तर आधी आपला अंगठा पाहा.

माझा राग गेला का? नाही. रोज सकाळी शीला बटण दाबते आणि मी एक बीप देतो. एक म्हणजे ठीक. क्षितिजनं मात्र अजून ते दोन स्क्रू परत आणलेले नाहीत.